आकाशातल्या सुपाची डावी कड

लग्न होऊन तासगावजवळच्या सासरी आले, आणि महिन्याभरात आमचे हे लढाईवर गेले. सासूबाई आधीच वारलेल्या. घरात उरलो मी आणि मामंजी. मामंजी म्हणजे सासरे, पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. पाचगणीच्या एका साहेबाने विलायतेला परतताना विकलेली दुर्बीण त्यांनी घेतली होती, म्हणून गाव त्यांना येडं म्हणायचं. मी काहीच म्हणायची नाही. त्यांनी विचारायचं आणि मी पदर सावरत ‘व्हय’ म्हणायचं, एवढंच आमचं बोलणं. करपलेल्या भाकरीलासुद्धा ते ‘बरी झालीय न्हवं?’ विचारायचे, आणि मी खुशाल व्हय म्हणून मोकळी व्हायची.

मृग नक्षत्राच्या पूर्वेचा एक तेजोमेघ त्यांचा फार लाडका. दुर्बिणीतून तो इवल्याशा, धुरकट सुपासारखा दिसायचा. आदल्या वर्षी त्यांनी त्याचं चित्र काढून भिंतीला लावलं होतं.

त्या माघात मामंजी एकाएकी गप्प झाले. दोन घास खाऊन उठायचे. एक दिवस म्हणाले, दुर्बीण पाचगणीच्या शाळेला देऊन टाकतोय, उद्या माणूस येईल. कारण सांगेनात. त्या नळीला डोळा लावला की तेवढा वेळ तरी ते मुलाची काळजी विसरायचे.

दिवेलागणीनंतर त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि भिंतीवरचं चित्र हातात दिलं.

“बघ पोरी. चित्रातल्यावानीच हाय न्हवं?”

चित्र कंदिलाशी धरून पाहिलं, मग नळीला डोळा लावला. व्हय अगदी जिभेवर आलं होतं. पण सुपाची डावी कड काळवंडली होती. चित्रात ती चांगली उजळ होती.

“न्हाई, मामंजी.”

“परत सांग.”

चिडले की काय, असं वाटलं. “न्हाई. डाव्या कडंला काळं पडलंय.”

ते ओट्यावर बसले. “मलाबी तसंच दिसतंय गं. मला वाटलं, डोळंच गेलं. पोरगं परत आलं तर त्याचं त्वांड दिसायचं न्हाई.” मग डोळे पुसत म्हणाले, “तू कवा न्हाई म्हनत न्हाईस. तवा हे खरंच आसंल.”

दुसऱ्या दिवशी पाचगणीहून विज्ञानाचे मास्तर आले. चहा घेताना त्यांनी उलगडून सांगितलं. त्या मेघाला स्वतःचा उजेड नसतो, जवळच्या ताऱ्याचा उजेड त्यावर पडतो. ताऱ्याजवळून धूळ गेली की तिची सावली मेघावर पडते आणि काही महिन्यांत त्याचं रूप बदलतं. बिचारे रिकाम्या हातांनी परत गेले.

लढाई संपल्यावर हे घरी आले. वाळून काडी झालेले, मिशा उतरवलेल्या. मी दारातच परक्या माणसासमोर घ्यावा तसा पदर पुढे ओढला. मामंजींनी मात्र त्यांना लांब वेशीवरूनच ओळखलं होतं.