असू दे गं

“ढोरे, डोळे फुटले का तुझे?”

लातूरच्या नव्या भाड्याच्या घरात सामान लावत असताना भिंतीपलीकडून आलेलं हे पहिलं वाक्य. मागोमाग भांडं आदळलं आणि पुन्हा आवाज आला, “कवा येणार अक्कल? सरणावर गेल्यावर?”

माझी बायको हातातली बरणी तशीच धरून ऐकत राहिली. पुढे आठवडाभर हेच. भाकरी करपली की बोलणी, दूध उतू गेलं की बोलणी. जिला बोलणी बसत होती ती मात्र एका शब्दानं उलटून बोलत नव्हती. “बिचारी सून,” बायको म्हणायची, “किती सोसते!” शेवटी न राहवून ती विरजण मागायच्या निमित्तानं पलीकडे गेली आणि गोंधळलेला चेहरा घेऊन परतली.

“सून नाहीच,” ती म्हणाली. “एकटीच बाई आहे. स्वतःलाच बोलते.”

तसे स्वतःशी आपण सगळेच बोलतो. मी डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. बेरीज करताना हातचा मोठ्यानं सांगायची मला सवय आहे. पण चूक सापडली तर मी ती खोडून पुन्हा लिहितो, स्वतःला जनावर म्हणत नाही. त्या बाई म्हणायच्या, आणि इतक्या सहज, की श्वास घेताहेत असं वाटावं.

आमचा सुनेबद्दलचा गैरसमज त्यांना कळला तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून माझ्या बायकोला त्या सूनबाई म्हणू लागल्या. गल्लीत त्यांना सगळे मावशी म्हणत.

कोचिंग क्लासेसमुळे आमची गल्ली तेव्हा झपाट्यानं बदलत होती. ज्याच्या घरावर मोकळी गच्ची होती त्यानं त्यावर खोल्या चढवल्या. डॉक्टर व्हायला आलेली गावोगावची मुलंमुली त्या खोल्यांत राहत. मावशी मुलींची खाणावळ चालवायच्या. भाजक्या धान्यांच्या मसाल्याची, येसराची आमटी अशी करायच्या, की घरी जेवून गेलेला मीसुद्धा वाटीभर घ्यायचो. “आज आमटी फारच छान,” कुणी म्हटलं, की म्हणायच्या, “भूक लागल्याली हाय तुमाला, म्हून.” आणि मीठ कणभर जास्त झालं, की “मेले, हात झडले न्हाईत का तुझे?” नवी मुलगी हे ऐकून ताट हातात घेऊन जागीच थिजायची. जुन्या मुली तिला सांगायच्या, “तुला नाही गं. त्या त्यांनाच बोलतात.”

मुलींना मात्र त्या कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. कुणी ताटात टाकलं तरी “ऱ्हाऊ दे माय, जात नसंल तर” एवढंच.

याचं कारण आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. बायको त्यांच्यासोबत मेथी निवडत बसली होती, मी पेपर वाचत होतो. विषय कशावरून निघाला ते आठवत नाही. उद्याच्या भाजीबद्दल बोलावं तशा आवाजात त्या सांगू लागल्या.

“भूकंपाच्या आधी आमच्या गावात लई दिवस जमीन हालायची. लोकं भिऊन अंगणात बाजा टाकून निजायचे. मग सवय झाली. गणपती बुडवले त्या रात्री समदे दमले अन् घरात निजले. माझी लेक तेवढी बाजेवर बसून राहिली. आई, आत नको म्हणली. म्या म्हणलं, भित्रे, चल आत. लोकं हसतील.”

त्यांनी एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली.

“आली बिचारी. माझं ऐकायची ती.”

दगडमातीचं, वर जड माळवदाचं घर होतं; पहाटेच्या भूकंपात ते कोसळलं. दुसऱ्या दिवशी मावशींना त्यातून जिवंत काढलं. लेकीला नाही. नवरा त्याआधीच गेलेला होता.

त्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इतक्या शिव्या त्या स्वतःला द्यायच्या, पण त्यात ‘भित्री’ हा शब्द कधी नसायचा. तो त्यांनी एकदाच वापरला होता.

खाणावळीत नांदेडजवळच्या लोह्याकडची एक मुलगी होती. हुशार, पण पेपर समोर आला की तिचे हात गार पडायचे. एका रविवारी मी मावशींचा गॅस सिलिंडर बदलून हात धूत होतो, तेव्हा ती क्लासची परीक्षा देऊन आली. पायरीवर बसली आणि तळहातानं स्वतःच्या कपाळावर मारत म्हणाली, “ढोरे, डोळे फुटले होते का तुझे?”

भाकरी थापणारा हात थांबला.

“कुणाला म्हणलीस?” मावशींनी विचारलं.

“मलाच. येत असलेलं चुकवून आले. भित्री आहे मी, मावशी. जाते गावाकडं.”

“अन् हे बोलायला कुठं शिकलीस?”

मुलगी खाली बघूनच म्हणाली, “तुम्हीच तर म्हणता. मलाबी तसंच म्हणून घ्यायची सवय लागली. बरं वाटतं म्हणल्यावर.”

“बरं वाटत न्हाई, माय,” मावशी म्हणाल्या. “निस्ती सवय लागती.”

मग त्या पिठाच्या हातानंच उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या. “हितून पुढं असं म्हणायचं न्हाई. अन् भित्री तर मुळीच न्हाई. भिणारं माणूस खुळं नसतं.”

“मग तुम्ही?”

तेवढ्यात तव्यावरच्या भाकरीतून धूर निघाला. जेवायला बसलेल्या सगळ्या मुली त्यांच्याकडे बघू लागल्या. मावशी तव्याकडे धावल्या, सवयीनं म्हणाल्या, “ढो...” आणि थांबल्या. नवी भाषा बोलावी तसं एकेक शब्द जोडत म्हणाल्या,

“असू दे गं. करपली एखादी.”

मुली हसल्या. पायरीवरचीही हसली, आणि गावाकडं गेली नाही.

पुढचे कित्येक महिने भिंतीपलीकडून आम्हाला अर्धवट वाक्यं ऐकू यायची. “डोळे फु... जाऊ दे.” “मेले... बरं, ऱ्हाऊ दे बाई.” बायको आधी हसायची. नंतर हसेनाशी झाली. मावशींची चाल बदलली. आमटीचं कौतुक केलं की “हां, आज जमली,” म्हणू लागल्या. एकदा तर नवी साडी नेसून आमच्या दारात आल्या आणि मला विचारलं, “बरी दिसती का?”

पण गणपती बुडवायच्या दिवशी खाणावळ बंद असायची, आणि त्या दिवशी जुनेच शब्द यायचे, एकही न गाळता. त्या दिवशी आम्ही टीव्ही मोठ्यानं लावायचो.

लोह्याची मुलगी डॉक्टर झाली नाही. नांदेडला औषधांचं शिक्षण घेऊन तिथल्याच एका दवाखान्यात लागली. मावशींना पोटाचं दुखणं निघालं तेव्हा तीच येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेली. नांदेड बायकोचं माहेर, त्यामुळे आमचं जाणं होत राहिलं.

शेवटच्या भेटीत मावशी फार बारीक झाल्या होत्या. आम्ही आहोत हे त्यांना कळत होतं की नाही, सांगता येत नव्हतं. छताकडे बघत त्या कुणाशी तरी बोलत होत्या. “तू भित्री नव्हतीस. तूच शहाणी होतीस. तुझं खरं होतं, माय.”

मुलगी त्यांचा हात धरून बसली होती. ती वाकून म्हणाली, “मावशी, लेकीला म्हणलात. आता तुम्हाला म्हणा, असू दे गं. आपलं ठरलंय ना?”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. ओठ हलवून पाहिले, पुन्हा एकदा हलवून पाहिले.

“भाकरीचं जमतं गं,” त्या म्हणाल्या. “ह्याचं न्हाई जमत.”

त्यानंतर दोन-चार दिवसांनी नांदेडहून फोन आला.

पलीकडच्या घरात आता कुणी राहत नाही. मालकाला तिथं वसतिगृह बांधायचंय म्हणे. परवा सकाळी आमच्याकडे दूध उतू गेलं. बायको धावली, भांडं उतरवलं, आणि ओटा पुसायचं सोडून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“असू दे गं,” ती मोठ्यानं म्हणाली, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. “असू दे, मावशी.”

दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं. आम्ही दोघंही भिंतीकडे बघत राहिलो.