चुलबंद आवतण आणि मेंदीची वाट

देवावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला, आणि तो उडवला माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने. वहिनी मोठ्या दुखण्यातून उठली म्हणून दादा गावच्या मारुतीला रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या जाळात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नवस फेडणार होता. आदल्या सकाळी आवतणं सांगणारा गडी सोनाळ्याच्या आमच्या गल्लीत फिरला. घरोघरी चुलबंद आवतण, म्हणजे उद्या त्या घरात चूलच पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी दादाकडे जेवायचं. ज्याची बकरी दादाची निम्मी तूर खाऊन म्हशीएवढी झाली, त्यालाही चुलबंद. माझ्या दारावरून मात्र तो गडी असा गेला, जणू तिथं उकिरडा आहे. मी ओसरीवरून असा खाकरलो की झाडावरची पाखरं उडाली. त्याने रामराम घातला आणि पुढची कडी वाजवली.

बायको म्हणाली, एकदा विचारून तर या. मी कशाला विचारू? वहिनी दवाखान्यात होती तेव्हा याच मारुतीपुढे मी इतकं नाक घासलं होतं की त्याचा शेंदूर माझ्या नाकाला आणि माझी कातडी त्याच्या पायरीला. आता मारुती दादाच्या बाजूने झालेला, तेव्हा तक्रार वरच्या साहेबाकडेच न्यायची, असं ठरवून मी जळगाव जामोदची बस धरली. तिथून पुढे महादेवाचं एक देऊळ आहे. देवळामागच्या बागेत गुडघाभर मेंदी लावून गोल गोल फिरणारी एकच वाट केली आहे, आणि मधोमध पिंड. आत जायची वाट तीच, बाहेर यायचीही तीच.

मला देवाशी दोन शब्द बोलायचे होते, तेही चढ्या आवाजात. पण ही वाट पिंडीच्या हातभर जवळ न्यायची आणि तिथून अशी वळायची की मी थेट मध्य प्रदेशात निघतो की काय वाटावं. बाग आखणाऱ्याला मी मनात सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. तेवढ्यात मेंदीपलीकडून समोर कोण यावं? दादा. त्याने मान फिरवली, मीही फिरवली. तो पुढे, मी मागे, पण वाटच अशी की प्रत्येक वळणाला आम्ही पुन्हा तोंडासमोर. शेवटी मी मेंदीवरून उडी मारायला पाय उचलला.

"बापू, झाड तुडवू नोको," मागून एक म्हातारी बोलली. "चालत राह्य. हे वाट तिथंच जाते."

मी ओशाळून पाय खाली घेतला. चार पावलांनी मागे पाहिलं तर म्हातारी नव्हती, वाट मोकळी होती. लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून याविषयी जास्त लिहीत नाही. पण तिथून पुढे मी वाटेशी भांडलो नाही. ती नेईल तिकडे गेलो, आणि डोक्यातला कढ हळूहळू खाली बसला.

पिंडीपाशी दादा बसला होता. तोही तक्रारच घेऊन आला होता, माझी. मी त्याला आवतणाचं विचारलं.

"आवतन पाहुन्याले देतात बे," तो म्हणाला. "तू काय पाहुना हायेस? सकाळपासून तुई वाट पाहून राह्यलो. गोवऱ्या कोन रचन?"

खरं होतं ते. आमच्या घरी रोडग्यांचा जाळ मीच रचतो. दादाच्या हातचे रोडगे वरून कोळसा आणि आतून कणीक. वहिनीच्या जिवाचा नवस, तो कच्चा कसा फेडायचा? मी पिंडीला हात जोडले. तिथपर्यंत मी देवाला वाट दाखवायला निघालो होतो. त्याच्या वाटेने आपण फक्त पाय टाकायचे असतात, हे मला तिथं बसल्यावर उमगलं.

दुसऱ्या दिवशी जाळ मीच रचला. घरचा माणूस म्हणून मला पंगतही मिळाली ती सगळ्यात शेवटची, अर्धा रोडगा आणि वांग्याच्या भाजीचा नुसता रस्सा. याचा राग अजून आहे. पण वाढायला वहिनी स्वतःच्या पायांनी उभी होती, आणि तेवढ्यानेच माझं पोट भरलं.