उभ्या गाडीची थरथर

गणपतमिस्त्रींना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून टॅक्सीवाल्यांनी हे पुस्तक काढायचं ठरवलं, आणि मला म्हणाले, तू पण लिही. मी कोळगावचा. सहावीत शाळा सोडली. मास्तरांनी उभं केलं की माजा आवाज बंद व्हायचा आणि पोरं हसायची. मंग बापाने पालघर स्टेशनाबाहेर चिंचेखालच्या गॅरेजात आणून सोडलं. मिस्त्रींनी नाव विचारलं. मी गप्प. बाप म्हणाला, "बोलत नाय तो." मिस्त्री म्हणाले, "बरंय. इथं इंजिन बोलतंय, आपण ऐकायचं." तेव्हापासून मी त्यांच्याजवळ हाय.

त्यांचं काम तुमा सगळ्यांना म्हाईत हाय. पळताना कुठलीपण गाडी बरी वाटते. ती उभी राहिली, पाय ॲक्सिलेटरवरून उचलला, की तिचं दुखणं कळतं. थरथरते, आचके देते, बंद पडते. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मंग म्हणायचे, हा प्लग काढ. तोच निघायचा.

दुसरीकडे अशा गाडीच्या कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून रेस वाढवून देतात. इंजिन ओरडतं, थरथर दिसत नाय, गिऱ्हाईक खूश. मिस्त्रींनी तसं कदी केलं नाय. तारापूरच्या बांधकामावरच्या जीपचा ड्रायव्हर एकदा घाईत होता. म्हणाला, "मिस्त्रीजी, स्क्रू घुमा दो, बस." मिस्त्री म्हणाले, "आज स्क्रू घुमाऊँगा. कल आओगे तब क्या, तुम्हारा कान घुमाऊँ?" तो चिंचेखाली बसून राहिला, पण गाडी नीट करून घेऊनच गेला.

गेल्या वर्षी मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायची सोडून दातात धरायला लागले. मला वाटलं, नवीन युक्ती असेल. मंग ते गिऱ्हाइकाला तेच तेच विचारायला लागले. दोन गाड्या नीट न होता गेल्या आणि बोईसरच्या गॅरेजात दिसल्या. मिस्त्री चिंचेखाली बसून राहायचे. एकदा म्हणाले, "दिवाळीनंतर फळी लावून टाकू." फळी म्हणजे गॅरेजच बंद.

तेव्हाच सातपाटीचा हरेश्वर टॅक्सी घेऊन आला. तो मासेवाल्या बायकांना टोपल्यांसकट स्टेशनवर आणतो. म्हणाला, "मिस्त्री, नाक्यावर थांबलो की बंद पडते. बायका शिव्या देतात, त्यात माजी आई पण." मिस्त्रींनी मूठ दातात धरली, प्लग साफ केले आणि म्हणाले, "झालं. ने." पण गाडी तशीच थरथरत होती. हरेश्वरने माज्याकडे बघितलं. मंग हळूच म्हणाला, "मिस्त्री, जरा रेस वाढवून द्या. माजं भागतंय." मिस्त्री पाठमोरे हात पुसत होते. त्यांनी वळून पण बघितलं नाय.

मी त्यांचा हात धरला आणि गाडीच्या मडगार्डवर ठेवला. पत्रा हलत होता. त्यांचं तोंड मला बघवलं नाय.

"हलतंय अजून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मोठ्याने सांग."

"हलतंय," मी ओरडलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

ते खाली बसले. म्हणाले, "हरेश्वर, मला ऐकू येत नाय रे. डावा कान गेला, उजवा चाललाय. म्हणून मूठ दातात धरून बघत होतो. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाय."

हरेश्वर म्हणाला, "सातपाटीत सगळ्यांना म्हाईत हाय, मिस्त्री. म्हणून तर आमी तुमच्याशी मोठ्याने बोलतो."

"मला वाटलं, तुमी दर्यावरचे म्हणून ओरडता."

मंग ते उठले. त्यांनी तळहात मडगार्डवर ठेवला, कान माजे घेतले. मी एकेक प्लगची वायर काढून परत लावत गेलो. दर वायरीला इंजिन जास्त अडखळायचं. तिसरीला काय फरकच पडला नाय. म्हणजे तिथलं काम आदीच बंद होतं. वायरीला ठिणगी चांगली होती. मिस्त्री म्हणाले, "हवा पिते कुठून तरी. जोडावर तेल सोड." हवा आत जाते त्या पाइपाच्या जोडावर मी तेल सोडलं. तिथली हवेची फुसफुस थांबली, आणि घडीभर गाडी शांत चालली. मी ओरडलो, "फुसफुस थांबली." त्यांनी हात उचलला नाय. म्हणाले, "कळलं मला."

जोड खोलला तर आत कापूस आणि राळ. होडीची फट बुजवतात तशी हरेश्वरने घरीच बुजवली होती. गरम होऊन राळ वितळली होती. मिस्त्री म्हणाले, "अरे, ही काय बुडणारे का?" त्या दिवशी ते हसले. मंग जोडात नवीन गॅस्केट कापून बसवलं.

दिवाळी झाली. फळी लागली नाय. पण उजवा कान आता जवळजवळ गेलाय, हे पण खरं हाय. गिऱ्हाईक कमी हाय. मी ऐकून ओरडतो, ते हात लावून सांगतात. माजा आवाज आता स्टेशनापर्यंत जातो. त्यांना तो ऐकू येत नाय, ते माज्या तोंडाकडे बघतात.

कानाचं लिहू का, म्हणून मी त्यांना पाटीवर लिहून विचारलं. म्हणाले, "लिही. रेस वाढवून झाकू नको."

समारंभात कोणीतरी हे मोठ्याने वाचेल. त्यांना ते ऐकू येणार नाय, म्हणून पुस्तक आदी त्यांच्या हातात द्या. आणि माजी एक विनंती हाय, टाळ्या वाजवू नका. मी मिस्त्रींचा हात टेबलावर ठेवीन. मंग तुमी सगळ्यांनी टेबलावर हात आपटा.

मिस्त्री, तुमी अजून खूप वर्षं जगा, तब्येतीने धड राहा. हाताला कळतंय तोवर हात उचलू नका.