अम्मी चाडला पोहोचल्या

चारबाग स्टेशनावर मला घ्यायला धाकटी बहीण मंदा आली होती. "ताई, सामान दे इधर," म्हणत तिने बॅग ओढली. इतकी वर्षं लखनौत राहून तिच्या मराठीचा पार बोऱ्या वाजला आहे. मी साताऱ्याची निवृत्त भूगोल शिक्षिका. चुका सुधारायची खोड जात नाही. पण प्रवासाने जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून तेवढं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी विकास नगरातल्या तिच्या घरून आम्ही मलिहाबादला निघालो. मंदा आंब्यावर संशोधन करते आणि तिचा विद्यार्थी यासीन तिथल्या एका बागेत रोगट पानं गोळा करत होता. तो सुदानचा, दारफुरकडचा, पण इथे राहून हिंदी फर्डं बोलणारा.

"तिकडे लढाई पेटलीय, त्याच्या आईचा एकोणीस दिवस पत्ता नाही, यार. तू जास्त विचारू नकोस हाँ," मंदाने गाडीतच बजावलं. अर्थात मी विचारलंच.

यासीनने आधी मला टपका (झाडावरच पिकून पडलेला, आपल्याकडे पाडाचा म्हणतात तो आंबा) बादलीत धुऊन दिला. दशहरी इतका गोड, की रस कोपरापर्यंत ओघळला तरी भान नव्हतं. मग मी लढाईचा विषय काढला. एकीकडे देशाचं लष्कर, दुसरीकडे निमलष्करी दल. आधी दोघं मिळून राज्य करत होते, आता एकमेकांवर उठलेत आणि गावं मात्र लोकांची जळताहेत. बाहेरचे देश कोणी याला, कोणी त्याला हत्यारं पुरवतात, असंही तो म्हणाला. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ.

"आप किसकी तरफ़ हैं?" मी बावळटासारखं विचारलं.

"अम्मी की," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कानाला लावला, दोन शब्द ऐकले आणि मटकन खाली बसून तो हमसाहमशी रडू लागला. मी काय समजायचं ते समजले. पाठीवर हात ठेवून "भगवान उनकी आत्मा को शांति दे," म्हणून मोकळी झाले.

"नहीं मौसी!" रडता रडता तो हसायलाच लागला. "सरहद पार कर ली. अम्मी चाड पहुँच गईं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात पुन्हा, म्हातारी बाई घरदार सोडून शेजारच्या परक्या देशात, निर्वासितांच्या छावणीत ताडपत्रीखाली पोहोचली, याचा आनंद मानायचा की दुःख, तेही कळेना. यासीन तर बागवाल्यांना त्यांचेच आंबे वाटत सुटला होता.

"वहाँ के लोगों के पास खुद पानी कम है," तो नंतर म्हणाला. "इतने लोग आ गए, अनाज भी महँगा हो गया. फिर भी जगह दी."

"हमारी मराठी में चाड याने परवाह," मी म्हणाले.

"तो नाम सही है, मौसी."

वर्गात नकाशावर चाड दाखवला की दरवर्षी कोणीतरी खिदळायचं, "बाई, आम्हाला कुठली चाड!" मीही हसायचे. हे मात्र त्याला सांगितलं नाही.

साताऱ्याला परतले. बरोबर आणलेले आंबे संपले. सुदानात कोण कोणाशी का लढतंय, हे शेजारणीला सांगायला गेले आणि मध्येच अडखळले. "जाऊ दे हो, आपल्याला काय करायचंय?" ती म्हणाली. लखनौला जाण्याआधी मीही हेच म्हणाले असते.

दर रविवारी यासीनला फोन करते. तो उचलेपर्यंत वाढलेलं ताट तसंच समोर असतं.

"अम्मी चाड में ही हैं ना?"

"हाँ मौसी, चाड में ही हैं."

मग कुठे मला घास जातो.