उजव्या हाताचा ग्लोव्ह

"काकू, हा बदलून द्या. लहान पडतो." नागवेकरांनी ग्लोव्ह काउंटरवर आपटला. पाच दिवसांपूर्वीच शाळेतल्या खेळाच्या सरांची चिठ्ठी बघून मी तो त्यांना विकला होता. उचलून नाकाशी नेला तर खोबरेलाचा भपकारा.

"हे काय केलंत?"

"लेदर आहे ना. ती शाळेत असताना तेल चोळून गच्चीवर उन्हात ठेवला, तीन दुपारी."

नागवेकर जयगडच्या पोर्टावर सुपरवायझर. एवढाल्या क्रेन हलवणारा माणूस, पण बेसबॉलच्या ग्लोव्हला त्याने सुक्या बांगड्यासारखा वाळवला. वर म्हणतात, "मोठाच द्या आता. वाढत्या अंगाचा. सई सहावीत आहे, दहावीपर्यंत पुरला पाहिजे."

आता हे वाढतं अंग माझ्या पाचवीला पुजलेलं आहे. बूट वाढत्या अंगाचे, हाफपँट वाढत्या अंगाची. खेळाच्या सामानाचं दुकान आमच्या ह्यांचं. त्यांना बसून राहायचा कंटाळा, म्हणून मी बसले ती बसलेच. बेसबॉल मला कोणी शिकवला नाही. खोक्यावरची अक्षरं वाचून आणि परत आलेला माल बघून शिकले. त्यातून कळलं ते एवढंच, की ग्लोव्ह म्हणजे स्वेटर नव्हे. पोराला तो एका हाताने मिटता आला पाहिजे. चेंडू येऊन बसतो त्या खोलगट भागाला पॉकेट म्हणतात. ग्लोव्ह मोठा असला की चेंडू पॉकेटात जातो आणि पोराला कळायच्या आत बाहेर पडतो.

"हा तिच्या मापाचाच आहे," मी म्हटलं. "अडचण काय आहे ते सांगा."

नागवेकर जरा उतरले. "चेंडू सुटतात हो. आणि फेकते ती तर कुठच्या कुठे. सर म्हणाले, शनिवारी विभागाची टीम निवडणार, असंच चाललं तर नाव नाही घेता येणार. दोन दिवस झाले, जेवत नाही धड."

म्हटलं, ग्लोव्ह राहू दे, पोरीला आणा.

संध्याकाळी सई आली. काडीसारखी पोर, बापाच्या मागे उभी. मी तिला ग्लोव्ह घालायला दिला. तिने तो डाव्या हातात घातला. बरोबरच होतं. ज्या हाताने चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवायचा आणि दुसऱ्यात ग्लोव्ह घालायचा. म्हणजे उजव्याने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात जातो. हे गिऱ्हाइकाला समजावताना माझी निम्मी हयात गेली. मग दुकानासमोर तिला चेंडू फेकायला लावला. तो माझ्याकडे यायचा सोडून शेजारच्या टेलरकडे गेला.

तेवढ्यात नागवेकरांना फोन आला आणि ते कोपऱ्यावर गेले. समोरच्या घरी कुंपणालगत सुकत घातलेल्या कोलीमवर, म्हणजे बारीक जवळ्यावर, कावळा बसला. मी सहज म्हटलं, "हाकल गो त्याला." पोरीने ग्लोव्ह काढून काखेत मारला, डाव्या हाताने चिऱ्याची कपची उचलली आणि सण्णकन् भिरकावली. कावळ्याच्या शेजारचा खांब वाजला.

"डावखुरी आहेस होय गो तू?"

"नाय. लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं. आजी डाव्यावर फटका मारते." मग हळूच म्हणाली, "आंबे पाडताना कोण बघत नाय."

नागवेकर परत आले तर म्हणतात, "काहीतरीच काय काकू. आमच्या घराण्यात डावखुरं कोणी नाही."

"कसं असेल? फटके मारून संपवलेत सगळे."

मला मग आठवली ती सरांची चिठ्ठी. 'उजव्या हाताचा ग्लोव्ह, एक नग.' मी ती माझ्या धंद्याच्या अकलेने वाचली होती: उजव्याने फेकणाऱ्याचा. सरांना तिथल्या तिथे फोन लावला. सर कोल्हापूरकडचे.

"सर, चिठ्ठीत काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

"अवो मावशी, सरळ लिवलंय की. उजव्या हातात घालायचा. पोरगी डाव्यानं काय फेकती, बघा एकदा."

"मग पाच दिवस ती डाव्यात घालून उजव्याने फेकतेय, ते बघितलं नाहीत?"

"बघितलं की."

"मग?"

"मला वाटलं, सुधारली."

मी फोन ठेवला. कोणाला हसायचं? सरांना हसायचा हक्क मला नव्हता. पोर पाच दिवस भलत्याच हाताने फेकत होती ती माझ्यामुळे. चिठ्ठी वाचली, बापाला विचारलं, पैसे घेतले. जिच्या हातात तो जायचा तिला कोणी विचारलंच नाही.

डावखुऱ्यांचा एकच ग्लोव्ह माझ्याकडे होता. वर्षापूर्वी चुकून आलेला. जो बघेल तो 'उलटा आहे' म्हणून ठेवून द्यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तो हातात घालून उघडझाप करत बसायची. दुसरा उद्योग काय? त्यामुळे नव्या ग्लोव्हचा ताठपणा त्यात उरला नव्हता. सईने तो उजव्या हातात घातला, मिटला, उघडला. मग माझ्याकडे चेंडू फेकला. माझा तळहात रात्रीपर्यंत चुरचुरत होता. टेलरने शिलाई थांबवून आमच्याकडे बघितलं.

"माझ्या आईला काय सांगू?" नागवेकर म्हणाले. पोर्टावरचा सुपरवायझर, आणि चेहरा असा की जणू आता फटका त्यांनाच बसणार.

"सांगा, खेळाचा नियम आहे म्हणून."

शनिवारी निवड झाली. यादीतलं शेवटचं नाव सईचं, तेही राखीव खेळाडूंत. पाच दिवसांचं वाकडं वळण दोन दिवसांत कितीसं सरळ होणार? पण विभागाला जायचं ठरलं. आजीने परवानगी दिली ती अटीवर, की तिथे जेवणार मात्र उजव्यानेच.

तो तेलकट ग्लोव्ह मी परत घेतला. विकणार कोणाला? चूक माझी होती, वास त्यांचा.

आता चिठ्ठी कोणाचीही असो, मी आधी पोरालाच विचारते, कुठल्या हाताने फेकतोस. उत्तर बापच देतो. ते मी ऐकून घेते आणि पोराच्या हातात चेंडू देते.