पांढऱ्या पट्ट्याचा वस्ताद

दर्यापूरच्या बसस्टँडवर दर रविवारी सकाळी सव्वासहाला बुधाजी उभा दिसू लागला, तेव्हा लोकांना वाटलं, पोरीकडं अमरावतीला निघाला असेल. काखेत पिशवी, पिशवीत धुतलेले पांढरे कपडे आणि वर गुंडाळून ठेवलेला पांढरा पट्टा. तो पट्टा अगदी नवशिक्या पोरांचा असतो, हे स्टँडवरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं, तेच बरं होतं. बुधाजीला अठ्ठावन्न लागलं होतं आणि विहारामागच्या आखाड्यात तो छत्तीस वर्षं लाठी शिकवत आला होता.

दिवसभर जिनिंगात रुईच्या गाठी बांधायच्या, संध्याकाळी हातपाय धुऊन आखाड्यात उतरायचं. एप्रिलच्या मिरवणुकीत त्याच्या पोरांची लाठी फिरू लागली की बायका गच्चीवरून ओरडायच्या. नऊ वर्षांपूर्वी शाळेतल्या पोरीही त्याच्याकडं येऊ लागल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या पटांगणात तो त्यांना शिकवायचा. जिनिंगातला माणूस, पण त्या दोन दिवशी कपड्याला इस्त्री असायची.

मग गीतांजली मॅडम आल्या. नव्या मुख्याध्यापिका, बाई सरळ. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "बुधाजीभाऊ, आता वरून नियम आला. प्रमाणपत्र असल्याशिवाय बाहेरच्या माणसाला मुलींना शिकवता येणार नाही. अमरावतीत दहा रविवारचा वर्ग आहे. तेवढा करून या. जुलैपासून वर्ग पुन्हा तुमचाच."

घरी बायकोनं, शालूनं ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "साठीले टेकले न पहिलीत बसून राहिले. दप्तर घेऊन देऊ का?"

"घेऊन दे. डबा बी दे," बुधाजी म्हणाला.

अमरावतीच्या त्या हॉलमध्ये शिकवायला कोण उभा असावा? धम्मदीप. बुधाजीच्याच वस्तीतला, त्याच्याच आखाड्यातला पोरगा. आता चौतिशीचा, काळा पट्टा, गळ्यात शिट्टी, सगळे त्याला सर म्हणत.

बुधाजीच्या आखाड्याचा एक कायदा होता. ज्याच्याकडून एक डाव जरी शिकलो, त्याच्यावर लाठी उचलायची नाही. तो समोर आला की लाठीचं टोक मातीला टेकवायचं. बुधाजीनं पहिल्याच रविवारी तीस पोरापोरींसमोर पुढं होऊन धम्मदीपसमोर लाठीचं टोक गादीला टेकवलं. म्हणाला, "सर, आजपासून तुमी माये वस्ताद."

धम्मदीपनं इकडंतिकडं पाहिलं. "काका, ते मातीतलं इथं नको. मागच्या रांगेत उभे राहा."

बुधाजी मागच्या रांगेत गेला. वाईट वाटलं नाही, असं नाही. पण नव्या माणसाची जागा मागंच असते, हे त्यानंच शेकडो पोरांना सांगितलं होतं. तो सगळ्यांच्या आधी येऊन गाद्या अंथरायचा. लाठी कशी धरायची इथपासून पुन्हा शिकला. शेजारी उभी राहणारी बारा वर्षांची पौर्णिमा त्याला टोकायची, "आजोबा, डावा पाय! डावा पाय उघडा पडून राह्यला तुमचा!"

"हाव बाई," तो म्हणायचा आणि पाय आत घ्यायचा.

एका रविवारी रात्री जेवताना शालूला म्हणाला, "छत्तीस वर्सं डावा पाय उघडा ठेवला मी. कोनी सांगितलंच नाई. त्या पोट्टीनं सांगितलं." आणि असा हसला, की जिनिंगात पहिला पगार मिळाला होता तेव्हाच काय तो तसा हसला असेल.

दहावा रविवार परीक्षेचा. तीन मिनिटांत परीक्षकावर तीन मार बसले पाहिजेत. परीक्षक बाहेरून येणार, असं बुधाजी धरून चालला होता. पण डोक्यावर टोप, छातीला गादी बांधून समोर आला तो धम्मदीपच.

बुधाजीनं पवित्रा घेतला. धम्मदीपचे चार मार आले, चारही अडवले. डावा पाय एकदाही उघडा पडला नाही. पोरं टाळ्या वाजवू लागली. मग धम्मदीपनं मुद्दाम खांदा मोकळा सोडला आणि हळूच म्हणाला, "वस्ताद, मारा."

दहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं वस्ताद म्हटलं होतं.

बुधाजीनं लाठीचं टोक खाली टेकवलं.

"मारा म्हनतो ना!"

लाठी हलली नाही. तीन मिनिटं संपली, शिट्टी वाजली. धम्मदीपनं टोप काढला आणि कागदावर लिहिलं: आक्रमण नाही, नापास.

बाकीचे कपडे बदलायला गेले. बुधाजी गाद्या गुंडाळत होता. धम्मदीप जवळ येऊन उभा राहिला.

"मी चौदा वर्सांचा होतो. तुमच्या खांद्यावर मार बसला माया. आठवते?"

"आठवते."

"वस्तादवर लाठी उचलली म्हनून दोन महिने नुसती माती खनाले लावली. मिरवनुकीत सारे पोट्टे फिरले, मी मायसोबत रस्त्याच्या कडेले उभा होतो."

बुधाजीच्या हातातली गादी तशीच राहिली. "मार चांगला होता तुया," तो म्हणाला. सर म्हणायचं विसरला. "इतका साफ मार माया अंगावर पुन्हा कोनाचा बसला नाई."

"हे तवा सांगाचं होतं," धम्मदीप म्हणाला. "तुमी लाठी काहून टेकवली, मले समजत नाई असं नाई. पन कागदावर तसा रकाना नाई. पुढच्या वर्षी या." आणि दिवे बंद करायला गेला.

जुलैत शाळेचा वर्ग धम्मदीपच्या संस्थेकडं गेला. गीतांजली मॅडमनी फोन करून दोनदा माफी मागितली, म्हणून बुधाजीलाच त्यांची समजूत घालावी लागली.

पहिल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर भावना आखाड्यात आली. नववीतली पोरगी, सहा वर्षं त्याच्या हाताखाली. बुधाजी रिकाम्या आखाड्यातली माती खणत होता. आखाड्यातली पोरंही आता धम्मदीपच्या संस्थेकडंच वळली होती, कारण तिथं प्रमाणपत्र मिळत होतं.

"वस्ताद, नवे सर म्हनते समोर येऊन मारा. मी लाठी टेकवली त पोरी हासल्या."

"टेकवू नको. मारजो."

"पन तुमीच त शिकवलं."

"चुकीचं शिकवलं," बुधाजी म्हणाला आणि पुन्हा कुदळ मारली. "खांदा मोकळा दिसला की मारजो. कोनी बी असू दे समोर."

भावना जायला निघाली. जाताना रोजच्या सवयीनं तिनं लाठीचं टोक त्याच्यासमोर मातीला टेकवलं.

"उचल म्हनतो ना!" तो एवढ्या जोरानं ओरडला की विहाराच्या ओट्यावर बसलेल्या बाया वळून पाहू लागल्या.

तिनं उचलली नाही. बुधाजीनं पाठ फिरवली आणि ती जाईपर्यंत एकाच जागची माती खणत राहिला.