चार आठवडे उडी नको

मला एका जागी बसता येत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावलीय. मशीनवर ब्लाउज शिवायला बसले तरी एक बाही झाली की मी उठणार, गॅलरीत जाणार, उगाच मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट करून येणार. आणि नेमकं माझ्याच गळ्यात काय पडावं, तर एका मांजरीला एका जागी बसवायचं काम!

तेव्हा आम्ही पनवेलला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नवरा तळोजाला कंपनीत, पाळीची नोकरी, त्यामुळे तो घरात असला तरी झोपलेला असायचा. मी घरीच शिवणकाम करायची. आणि घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळांना तेल लावायच्या, आंघोळ घालायच्या. पाटावर पाय पसरून बसायच्या, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायच्या, आणि मग त्यांचे हात असे काही चालायचे की टाहो फोडणारं पोर दहा मिनिटांत ढाराढूर. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हालेली. साठी उलटून गेली तरी त्या रोज सकाळी एक-दोन घरं करायच्या, आणि एखाद्या दिवशी खाडा झाला तर दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं असायचं.

मांजर म्हणजे चारेक महिन्यांचं पिल्लू. खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी मागे घेताना चाकाखाली तिचा मागचा पाय आला. मी भाजी घेऊन येत होते, मला ते ओरडणं ऐकवेना. पिशवीतली भाजी वॉचमनच्या खुर्चीवर ओतली आणि पिल्लू पिशवीत घालून रिक्षाने डॉक्टरकडे. डॉक्टरांनी फोटो काढला. मांडीच्या हाडाला तडा. म्हणाले, "ताई, एवढ्याशा जिवाच्या मांडीला प्लॅस्टर टिकत नाही. पण वय लहान आहे, हाड आपलं आपण जुळेल. तुम्ही फक्त चार आठवडे कोंडून ठेवा. उडी नको, चढणं नको, पळणं नको. हाड सरकलं तर जन्मभर लंगडेल." मी मान डोलावली. मग ते हसून म्हणाले, "पहिला आठवडा सोपा जाईल. दुखायचं थांबलं की ती तुम्हाला सळो की पळो करील."

पिंजरा कुठून आणायचा? सासूबाईंनी माळ्यावरचं जाळीचं कपाट काढायला लावलं. पूर्वी त्यात दूधदुभतं ठेवायच्या, मांजरांनी तोंड घालू नये म्हणून! मधली फळी काढली, खाली जुनं गोधडं, कोपऱ्यात रेतीचं घमेलं. बाहेरून कडी. "आता बस गो महाराणी," सासूबाई म्हणाल्या, "तुज्यासाटी बंगला केलाय."

पहिला आठवडा खरंच सोपा गेला. बिचारी झोपून असायची, उकडलेला बोंबील बोटाने भरवला तर खायची. दुसऱ्या आठवड्यात तिने तोंड उघडलं, आणि मग काय विचारता! मशीनचा आवाज एकीकडे आणि हिचं म्यांव एकीकडे. जाळीतून पंजा बाहेर काढायची, माझ्याकडे बघून ओरडायची. मी कपाटावर चादर टाकली, चादरीतून ओरडायची. रेडिओ लावला, तर रेडिओपेक्षा वरच्या पट्टीत. शेवटी मीच तिच्यावर ओरडायची, "अगं गप्प बस, मेले! तुझ्याच पायासाठी चाललंय ना हे!" आतून नवरा ओरडायचा, "तुम्ही दोघीही गप्प बसा!"

मला ते सहन व्हायचं नाही. खोटं कशाला बोलू, दया कमी होती आणि जिवाची तगमग जास्त होती. ती आत येरझाऱ्या घालायची आणि मी बाहेर. दिवसातून वीस वेळा मी कॅलेंडर बघायची. ब्लाउजांना उलट्या बाह्या लागल्या, एका गिऱ्हाइकाने तोंडावर ऐकवलं. तिसरा आठवडा लागला तेव्हा मला वाटायला लागलं की त्या कपाटात मलाच घातलंय.

एके सकाळी सासूबाई बाळाला न्हाऊ घालायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्याकडे एकच घर होतं. नवरा ड्युटीवर. मी खिडक्या लावल्या, दार लावलं, आणि कडी काढली. पाचच मिनिटं, म्हटलं. जमिनीवरच तर फिरेल. ती बाहेर आली, शेपूट वर, तीन पायांवर आणि थोडी चौथ्यावर. इतकी गोड दिसत होती की मला रडू आलं. तेवढ्यात बेल वाजली. गिऱ्हाईक. मी दाराशी वळले, "थांबा हं" म्हणेपर्यंत ती पडद्याला धरून मशीनच्या टेबलावर चढली आणि तिथून उडी. धप्प आवाज आला आणि मग तिचं ते पहिल्या दिवसासारखं ओरडणं.

मी तिला उचलून कपाटात ठेवलं, कडी लावली, गिऱ्हाइकाचं माप घेतलं. टेप दोनदा हातातून पडली. त्या दिवसापासून तो पाय ती पुन्हा टेकेना. मी कोणालाच सांगितलं नाही. उद्या सांगते, उद्या सांगते म्हणत चार दिवस काढले.

पाचव्या दिवशी दुपारी मी लेस आणायला बाजारात गेले होते. परत आले तर कपाट उघडं. सासूबाई जमिनीवर पाटावर बसलेल्या, पाय पसरून, आणि नडग्यांवर आडवी मांजर! शेजारी कोमट तेलाची वाटी. अंगठ्याने अगदी हलके हलके तिच्या मांडीवरून तेल फिरवत होत्या, बाळाला म्हणतात तसं काहीतरी गुणगुणत. मांजर डोळे मिटून पडलेली.

"पाय आकडलाय तिचा," त्या म्हणाल्या. "चार दिस बगतेय मी. मुरगळ बसली आसंल. पोरांची काडते तशी काडते."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! "डॉक्टरांनी कोंडून ठेवा सांगितलं होतं ना?" मी किंचाळले. "आता हाड सरकलं असणार तिचं! तुमच्या ह्या हातांनी वाट लावली तिची!"

ते वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला आतून हलकं वाटलं. हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं खरं. आता पाय वाकडा राहिला तरी त्याला कारण सापडलं होतं.

सासूबाईंनी मांजर उचलून कपाटात ठेवली, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मना वाटला, बरा वाटंल तिला." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाळाच्या घरी गेल्या नाहीत. तिथून फोन आला तर म्हणाल्या, "मना बरा नाय." पुढच्या दिवशीही तेच. मी विचारलं, "आई, जात का नाही?" तर आपले तळवे बघत म्हणाल्या, "हात जड झालाय माजा. मांजराचा हाड सरकला, उद्या पोराचा पाय सरकंल. नको."

आठ दिवस त्या अशा बसून होत्या. आठ दिवस मी मशीनवर बसायची, उठायची, त्यांच्यासमोर जायची, "चहा टाकू का?" एवढंच विचारून परत यायची.

मग मांजर डॉक्टरांना दाखवायला न्यायचा दिवस आला. त्या म्हणाल्या, मीपण येते. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सरकलंय. थोडंच, पण सरकलंय. अजून चार आठवडे कोंडा. चालेल ती, पण आता जरा लंगडतच चालेल."

सासूबाई पुढे झाल्या. "डाक्टर, हिची चूक नाय. मी तेल चोळला तिला."

"आजी, तेल लावायला नको होतं," डॉक्टर म्हणाले, "पण हे तेलाने झालेलं नाही. ही उंचावरून पडलीय. उडी मारली का हिने?"

आता माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. गप्प राहिले असते तर खपलंही असतं. पण त्या स्वतःच्या हातांकडे बघत उभ्या होत्या, आणि मला ते बघवेना. "मारली," मी म्हटलं. "मी सोडलं होतं तिला. तेलाच्या चार दिवस आधी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मी रिक्षा थांबवली, तर चढल्या नाहीत. "आट दिस झाले," त्या म्हणाल्या. "त्या घरात पोर हाय, आणि मी हात मांडीवर घेऊन बसलेली. तुला एक शब्द बोलवला नाय गो?" आणि तिथूनच चालत त्या बाळाच्या घरी गेल्या.

मी घरी पोचले त्यानंतर अर्ध्या तासात त्याही आल्या. "त्यांनी दुसरी बाई लावलीय," म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

मी तशीच उठले, चप्पल घातली आणि त्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं, पडद्यापासून तेलापर्यंत, दोष माझा म्हणून. बाळाच्या आजीने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, राग नाही आमचा. पण नव्या बाईची सवय झाली आता बाळाला." परत येताना वाटलं, हे वाक्य गाळावं. पण घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात जाऊन एक छोटं कुलूप घेऊन आल्या. कपाटाच्या कडीला लावलं, किल्ली कमरेला खोचली. पुढचे चार आठवडे मांजरीला खायला घालायचं झालं की मी वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. त्या हातातलं काम सोडून उठायच्या, स्वतः कुलूप काढायच्या, वाटी आत ठेवायच्या, पुन्हा लावायच्या. किल्ली एकदाही माझ्या हातात दिली नाही.